गुलाबजल: पारखावं कसं, घरी काढावं कसं आणि वापरावं कुठं

गुलाबजल या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली म्हणजे पाकळ्या पाण्यात तापवून, त्यांची वाफ थंड करून गोळा केलेला अर्क. दुसरी म्हणजे पाकळ्या नुसत्या उकळून गाळलेलं रंगीत पाणी. तिसरी, साध्या पाण्यात सुगंधी द्रव्य मिसळून भरलेली बाटली. तिन्हींना वास गुलाबाचाच येतो, पण गुण निराळे. पहिली नीट ठेवली तर आठवडेच्या आठवडे टिकते, दुसरी चार-पाच दिवसांत आंबते आणि तिसरी पोटात घेण्यासारखी असेलच असं नाही. चेहऱ्याला लावावं का, डोळ्यांत घालावं का, दुधात किती टाकावं, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आपल्या हातातली बाटली या तिघांपैकी कुठली आहे यावर अवलंबून असतात. म्हणून आधी ती ओळख करून घेऊ.

सुगंध पाण्यात उतरतो कसा

गुलाबाच्या तेलात तीनशेहून अधिक घटक सापडले आहेत. त्यांतले सिट्रोनेलॉल, जिरेनिऑल यांसारखे काही तेलात रमणारे, तर फिनाइल इथाइल अल्कोहोल हा पाण्यातही चांगला विरघळणारा. या फिनाइल इथाइल अल्कोहोलचा उत्कलनबिंदू 219 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे पाण्याच्या दुपटीहून अधिक. तरीही पाकळ्या पाण्यात उकळल्या की वाफ त्याला आपल्यासोबत उचलून नेते. ती वाफ थंड झाली की तेलाचा अगदी पातळ थर वर तरंगतो आणि खालच्या पाण्यात विरघळलेला सुगंध राहतो. वरचं ते गुलाबाचं तेल, खालचं ते गुलाबजल. फिनाइल इथाइल अल्कोहोलचा मोठा वाटा पाण्यातच राहत असल्यामुळे चांगल्या गुलाबजलाचा वास कित्येकदा महागड्या तेलापेक्षाही ताज्या फुलाच्या जवळचा वाटतो.

तेल आणि पाणी यांचं हे नातं जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलं आहे. नूरजहाँची आई गुलाबजल काढत असताना गरम गुलाबजल भांड्यात ओतलं की वर साय धरल्यासारखा थर येई. तो थोडा थोडा गोळा करून तिनं अत्तर जमवलं, असं तो लिहितो. घरच्या पातेल्यात मात्र असा थर येण्याची वाट पाहू नये. एक किलो तेलासाठी साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुलं लागतात. घरी फार तर पाण्यावर दोन-चार चमकते ठिपके दिसतील. दिसले तर ते काढून टाकू नका, तेच सगळ्यात मोलाचे.

आणखी एक गोष्ट इथंच लक्षात ठेवावी. पाकळ्यांचा रंग वाफेबरोबर येत नाही. त्यामुळे वाफेनं काढलेलं गुलाबजल पाण्यासारखं स्वच्छ, बिनरंगी असतं, फूल कितीही गर्द असो. बाटलीतलं पाणी गुलाबी असेल तर ते उकळून गाळलेलं तरी आहे किंवा त्यात रंग तरी घातला आहे.

विकत घेताना

समोरच्या चित्रापेक्षा मागची यादी वाचा. ज्या यादीत गुलाबाचं शास्त्रीय नाव, बहुतेक वेळा ‘रोझा डमास्केना’, आणि त्यापुढं फ्लॉवर वॉटर किंवा डिस्टिलेट असं लिहिलेलं असतं, ते अर्काचं पाणी. जिथं आधी नुसतं पाणी आणि पुढं ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ येतं, ते सुगंधित पाणी. सोडियम बेन्झोएट, पोटॅशियम सॉर्बेट, फिनॉक्सिइथेनॉल ही टिकवण्यासाठी घातलेली द्रव्यं. त्वचेला लावायच्या बाटलीत ती असली म्हणून घाबरायचं कारण नाही. उलट महिनोन्महिने बाहेर राहणाऱ्या, वारंवार उघडल्या जाणाऱ्या बाटलीत संरक्षक असलेलाच बरा. पण ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असं छापलेलं असेल तर ती बाटली स्वयंपाकघरात आणू नये, मग आतलं पाणी कितीही शुद्ध असल्याचा दावा असो. खाण्यासाठी खाद्य दर्जाचं म्हणून विकलेलंच घ्यावं.

घरी आणल्यावर दोन सोप्या चाचण्या करता येतात. काचेच्या किंवा स्टीलच्या ताटलीवर चार-पाच थेंब टाकून ते आपोआप वाळू द्या. अर्काचं पाणी जवळजवळ काहीही मागं ठेवत नाही. चिकट डाग उरला तर ग्लिसरीन किंवा साखर, रंगीत कडा उरली तर रंग. दुसरी चाचणी म्हणजे बाटली अर्धी रिकामी करून जोरात हलवा. थोडा फेस येऊन लगेच बसला तर ठीक. साबणासारखा दाट फेस बराच वेळ टिकला, तर सुगंधी तेल पाण्यात मिसळण्यासाठी एखादा फेसाळ पदार्थ घातला असण्याची शक्यता मोठी.

गुलाबी रंगाच्या पाण्यासाठी तिसरी चाचणी आहे आणि ती डोळ्यांना सुखावणारी आहे. दोन वाट्यांत थोडं थोडं पाणी घ्या. एकीत लिंबाचा थेंब पिळा, दुसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. पाकळ्यांचा खरा रंग असेल तर लिंबाच्या वाटीत तो क्षणात उजळ लालसर होतो आणि सोड्याच्या वाटीत निळसर-हिरवट झाक धरतो. दोन्ही वाट्या आहेत तशाच गुलाबी राहिल्या तर रंग बहुधा बाहेरून आला आहे.

फुलं कुठली घ्यावीत

सगळं यश इथं ठरतं. अर्क काढण्यासाठी जगभर मान आहे तो रोझा डमास्केना या जातीला, म्हणजे आपण ज्याला देशी गुलाब म्हणतो त्या सैल, गुलाबी, लवकर गळणाऱ्या फुलाला. कनौज आणि पुष्करचा गुलाब, बल्गेरियातल्या काझानलाकचा, तुर्कस्तानातल्या इस्पार्ताचा, इराणातल्या कमसरचा, सौदी अरेबियातल्या ताइफचा, हे सगळे याच घराण्यातले. कनौजला आजही तांब्याच्या डेगीत फुलं आणि पाणी घालून झाकण मातीनं लिंपतात आणि बांबूच्या नळीतून वाफ पाण्यात ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे अर्क जमा करायच्या भांड्यात, उतरवतात.

लांब दांड्याचे, टपोऱ्या कळीचे शोभेचे गुलाब या कामाचे नाहीत. आकार, रंग आणि टिकाऊपणा यांसाठी ते वाढवलेले असतात आणि कित्येकांना वासच नसतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे पुष्पगुच्छांसाठीच्या फुलांवर कीडनाशकं फवारलेली असतात आणि ती खाण्याच्या वस्तूंसारखी तपासली जात नाहीत. अशा फुलांचं पाणी चेहऱ्यालाही लावू नये, पोटात तर नकोच. फवारणी न केलेली, हातात घेताच वास येणारी फुलं मिळत असतील तरच हा उद्योग करा. नाहीतर चांगलं विकत आणलेलं बरं.

फुलं सकाळी लवकर तोडावीत. ऊन चढू लागलं की सुगंधी तेल उडून जातं, म्हणूनच गुलाबाच्या मळ्यांत पहाटेपासून तोडणी चालते. तोडलेलं फूल त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच वापरावं. पाकळ्या मोकळ्या करा, हिरवा भाग आणि मधले पराग काढून टाका. किडे निघून जावेत म्हणून पाण्यातून चटकन काढा, पण भिजत ठेवू नका.

घरच्या पातेल्यात अर्क काढणं

लागेल ते असं: एक मोठं, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, त्यावर नीट बसणारं मध्ये मूठ असलेलं काचेचं झाकण, आत ठेवायला स्टीलचं कडं किंवा बुटकं तिवई, एक काचेचं किंवा स्टीलचं वाडगं आणि भरपूर बर्फ. पाकळ्या 250 ग्रॅम, पाणी सव्वा लिटरच्या आसपास.

1. पातेल्याच्या मधोमध कडं ठेवा, त्याभोवती पाकळ्या पसरा. पाणी ओता. पाकळ्या बुडाव्यात, पण पाणी कड्याच्या वर जाऊ नये, नाहीतर उकळी फुटल्यावर वाडगं हलतं.

2. कड्यावर वाडगं ठेवा. त्याची कड झाकणापासून चार-पाच बोटं खाली असावी.

3. झाकण उलटं ठेवा, म्हणजे मूठ खाली वाडग्याच्या बरोबर मध्यावर येईल. पातेल्याची कड आणि झाकण यांच्यात फट राहत असेल तर कणकेची वळी करून लावा. मात्र झाकणावर वजन ठेवून किंवा ते बांधून भांडं घट्ट बंद करू नका. जास्तीची वाफ बाहेर पडायला वाव हवाच.

4. मध्यम आचेवर पाणी तापू द्या. वाफ धरू लागली की आच अगदी मंद करा आणि झाकणाच्या खोलगट भागात बर्फ ठेवा. बर्फ जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवला तर वितळल्यावर पिशवी उचलून दुसरी ठेवता येते, झाकण हलवावं लागत नाही.

5. पाऊण ते एक तास असंच चालू द्या. पाव लिटर पाणी जमलं की थांबा.

यात आचेकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं. खदखदून उकळलं तर पाकळ्या शिजल्याचा वास अर्कात उतरतो, शिवाय उडालेले थेंब वाडग्यात पडून पाणी रंगीत होतं. पाणी नुसतं थरथरत राहावं. काचेच्या झाकणाचा फायदा असा की आतलं दिसतं. आधी काचेवर धुकं धरतं, मग बारीक दव जमतं, ते दव घसरत मुठीकडे येतं, मुठीच्या टोकाला एक थेंब फुगत राहतो आणि सुटतो. मिनिटाला किती थेंब पडतात यावर आच कमी-जास्त करण्याचा अंदाज हळूहळू येतो.

पाव लिटरचा नेम मी मुद्दाम सांगते. कसदार गुलाबजल काढणारे एक किलो फुलांमागं साधारण एक लिटर अर्क घेतात, त्याच हिशेबानं 250 ग्रॅमला पाव लिटर. सुरुवातीचं पाणी सगळ्यात सुगंधी, पुढं पुढं ते फिकं होत जातं. शंका वाटली तर झाकण थोडं उचलून चमच्यावर एक थेंब घ्या. उकडलेल्या भाजीसारखा वास येऊ लागला की त्यापुढचं पाणी घेण्यात अर्थ नाही. झाकण उचलताना वाफेपासून तोंड आणि हात दूर ठेवा. आणि पातेल्यातलं पाणी कधीही पूर्ण आटू देऊ नका. पाकळ्या बुडाला लागल्या की जळका वास सगळ्या अर्काला लागतो आणि तो जात नाही.

ताज्या अर्काला थोडा कच्चा, हिरवट वास येतो. त्यावरून निराश होऊ नका. स्वच्छ बाटलीत बंद करून फ्रिजमध्ये काही दिवस ठेवलं की तो निवतो आणि गुलाब पुढं येतो. पाणी साधं पिण्याचं चालतं, कारण क्षार खालीच राहतात, वाफेबरोबर येत नाहीत.

प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावून अर्क काढण्याची युक्ती बरेच जण करतात. मी ती सुचवणार नाही. ओल्या पाकळ्या वर येऊन वाफेची वाट बुजवू शकतात आणि कुकरमध्ये ती वाट बुजणं धोक्याचं असतं.

नुसतं उकळून काढलेलं

घाई असेल तर पाकळ्या जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यात घाला, झाकण ठेवून मंद आचेवर रंग पाण्यात उतरेपर्यंत तापवा, झाकण न काढता गार करा आणि गाळा. हा पाकळ्यांचा काढा. त्यात रंग आहे, थोडा तुरटपणा आहे, सुगंध मात्र अर्काच्या मानानं कमी. पाकळीचे सगळे विरघळणारे पदार्थ त्यात असल्यानं जंतूंना खायला भरपूर मिळतं. फ्रिजमध्येही चार-पाच दिवसांपलीकडे ठेवू नये. सरबतात किंवा केस धुतल्यावर शेवटचं पाणी म्हणून लगेच वापरून टाकायला हे चांगलं आहे.

साठवण

घरच्या गुलाबजलात संरक्षक द्रव्य नसतं, हे साठवताना आणि वापरताना विसरू नये. सुगंध आहे म्हणून ते आपोआप निर्जंतुक राहतं, असं नाही. अर्काच्या पाण्यातही जिवाणू आणि बुरशी वाढतात.

काचेची गडद बाटली दहा मिनिटं पाण्यात उकळा, स्वच्छ कापडावर उपडी करून पूर्ण वाळू द्या. अर्क गार झाल्यावर गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा कमी राहते. एका मोठ्या बाटलीपेक्षा लहान लहान तीन-चार बाटल्या बऱ्या, कारण एक उघडली तरी बाकीच्या बंद राहतात. त्यावर तारीख लिहा. फ्रिजमध्ये ठेवून महिनाभरात संपवा. जास्त निघालं असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवता येतं. बाटलीत बोट किंवा कापूस बुडवू नये, स्प्रे वापरावा किंवा लागेल तेवढं वाटीत ओतून घ्यावं आणि उरलेलं परत बाटलीत घालू नये.

पाण्यात पांढरे तंतू तरंगू लागले, गढूळपणा आला, आंबूस वास आला की बाटली रिकामी करा. उकळून ते पुन्हा चांगलं होत नाही.

त्वचेसाठी

गुलाबजल किंचित आम्लधर्मी असतं, आपल्या त्वचेसारखंच. चेहरा धुतल्यावर त्याचा हलका फवारा छान वाटतो, त्वचा क्षणभर थंडावते, ताजंतवानं वाटतं. पण ते शेवटी पाणीच आहे, उडून जाताना त्वचेचा ओलावाही घेऊन जातं. म्हणून कोरड्या त्वचेला नुसतं गुलाबजल लावून थांबू नये. फवारा मारावा, चेहरा ओलसर असतानाच क्रीम किंवा तेल लावावं.

ग्लिसरीनबरोबर वापरायचं तर एक चमचा ग्लिसरीनला आठ-दहा चमचे गुलाबजल पुरे. ग्लिसरीनचं प्रमाण वाढवलं तर चेहरा चिकट होतो आणि कोरड्या हवेत ते त्वचेच्या आतलाच ओलावा ओढू लागतं. मिश्रण आठवडाभर पुरेल एवढंच करावं. मुलतानी मातीत कालवलंत तर लेप तडकेपर्यंत वाळू देऊ नका, कडा वाळू लागल्या की धुऊन टाका.

गुलाबजलानं रंग उजळत नाही, डाग जात नाहीत, मुरमं बरी होत नाहीत. त्यासाठी ते वापरलं की अपेक्षाभंग होतो आणि खरे उपचार लांबतात. नैसर्गिक आहे म्हणून सगळ्यांनाच मानवतं, असंही नाही. जिरेनिऑल, सिट्रोनेलॉल यांची ॲलर्जी असणारे लोक असतात. कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ लावून पाहा, खाज किंवा लाली आली नाही तर चेहऱ्यावर लावा. तान्ह्या बाळाला, उघड्या जखमेला, भाजलेल्या जागेला लावू नका.

डोळ्यांत घालू नका

डोळे चुरचुरले की गुलाबजलाचे दोन थेंब, ही सवय फार खोलवर रुजलेली आहे, म्हणून हे वेगळं सांगते. डोळ्यांत घालायची वस्तू निर्जंतुक असावी लागते. घरचं गुलाबजल तसं नसतं आणि सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलेल्या बाटलीतही डोळ्यांसाठी नसलेली सुगंधी आणि संरक्षक द्रव्यं असू शकतात. दूषित थेंबामुळे बुबुळाला संसर्ग झाला तर दृष्टीवर बेतू शकतं. थकलेल्या डोळ्यांना गारवा हवा असेल तर गार गुलाबजलात भिजवून पिळलेला कापूस मिटलेल्या पापण्यांवर ठेवा, तोही स्वच्छ आणि ताज्या गुलाबजलाचा. डोळा लाल होत असेल, दुखत असेल, चिकट स्राव येत असेल तर तेवढंही न करता डॉक्टरांकडे जा.

केसांसाठी

इथं सांगण्यासारखं थोडंच आहे. धुतलेल्या केसांवर फवारलं की सुगंध येतो आणि विंचरताना थोडा ओलावा मिळतो. केस त्यानं वाढत नाहीत.

स्वयंपाकात

खाण्यात गुलाबजलाचा खरा कस लागतो आणि बिघडतंही ते इथंच. जास्त झालं की गोड पदार्थाला साबणाचा वास येतो. अर्धा लिटर दुधाला किंवा सरबताला आधी अर्धा छोटा चमचा घाला, ढवळा, दोन मिनिटं थांबा, चव घ्या. मग हवं तर पुन्हा अर्धा. पदार्थ गार झाल्यावर सुगंध थोडा दबतो, त्यामुळे थंड खायच्या पदार्थाची चव गार झाल्यावरच ठरवावी.

ते आचेवर असताना घालू नये. ज्या वाफेनं सुगंध पकडला, तीच वाफ तो घेऊन जाते. पातेलं खाली उतरवा, वाफ थोडी बसू द्या, मग घाला. शिजलेल्या भातावर शिंपडायचं तर शेवटी शिंपडून झाकण ठेवावं. पाकात घालायचं तर पाक कोमट झाल्यावर.

जोडीला वेलची, केशर, बदाम, पिस्ते उत्तम जमतात. स्ट्रॉबेरी, रासबेरी, चेरी, सफरचंद यांच्याशीही त्याचं छान जुळतं आणि ही सगळी गुलाबाच्याच कुळातली झाडं आहेत, बदामसुद्धा. व्हॅनिला सर्रास मिळू लागण्यापूर्वी युरोपातही केक-बिस्किटांत सुगंधासाठी गुलाबजलच घालत. आजही व्हॅनिलाच्या जागी ते घालून पाहता येतं, फक्त व्हॅनिलाच्या निम्म्यानं सुरुवात करावी.

कृतीत गुलाबजल लिहिलेलं असताना इसेन्स त्याच मापानं घालू नये. इसेन्स कित्येक पटींनी तीव्र असतो, चमचाभर गुलाबजलाच्या जागी त्याचे एक-दोन थेंबच पुरतात. गुलाबाच्या सरबतात साखर आणि बहुधा रंगही असतो, तेव्हा ते वापरलं तर पदार्थातली साखर तेवढी कमी करावी. अर्क काढून उरलेलं पातेल्यातलं रंगीत पाणी, फुलं खाण्याजोगी असतील तर, गाळून त्यात साखर आणि शेवटी लिंबू घालून सरबत करता येतं. त्याला सुगंध कमी पडतो, तेव्हा गार झाल्यावर नुकत्याच काढलेल्या अर्काचे दोन चमचे त्यात परत घालावेत.